लोकांच्या दारी गेलेले तत्त्वज्ञान

छत्रपती संभाजीनगर सोडून पैठणच्या रस्त्याला लागले की चौदाव्या किलोमीटरच्या सुमारास चितेगाव लागते. पैठण तालुक्यातील हे गाव गेल्या शतकाच्या अखेरीस उद्योगाच्या नकाशावर आले ते तेथील व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे. रंगीत दूरचित्रवाणी संच मध्यमवर्गीयांच्या घरांत नुकतेच शिरू लागले होते, तो हा काळ. पुढे 2018 साली ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तो अध्याय संपला. एका गावाहून दुसऱ्या गावी, एका क्षणात आणि हजारो घरांत एकाच वेळी शब्द पोहोचविणारे यंत्र या रस्त्यावर तयार होत होते. परंतु पोहोचलेला शब्द ऐकणाऱ्याच्या मनात टिकावा कसा, त्याने तो आपला मानावा कसा, हा प्रश्न कोणत्याही यंत्राने सोडविलेला नाही. तो सोडविणारा एक गृहस्थ याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, गोदावरीच्या काठी, सोळाव्या शतकात होऊन गेला. पैठणचे एकनाथ हे त्यांचे नाव.

नाथांकडे आपण संत म्हणून पाहतो आणि हात जोडून मोकळे होतो. त्यामुळे त्यांच्या कामाकडे काम म्हणून पाहण्याचे राहूनच जाते. आज आपल्याकडे सांगणाऱ्यांची वाण नाही. शासनाची परिपत्रके निघतात, शाळाशाळांतून सप्ताह साजरे होतात, आरोग्याच्या आणि मतदानाच्या मोहिमा चालतात, भिंती घोषवाक्यांनी भरतात. आठवड्याने त्यातील किती कोणाला आठवते, हे वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला आणि कचेरीत बसणाऱ्या कारकुनाला वेगळे सांगण्याचे कारण नाही. नाथांची भारुडे मात्र चारशे वर्षे अक्षरशत्रू माणसांच्या तोंडी राहिली, आणि तीही वेदान्तासारखा विषय घेऊन. हे कसे घडले, ते त्यांच्या चरित्रातच शोधावे लागते.

नाथांचा काळ सर्वसाधारणपणे 1533 ते 1599 असा मानला जातो. घराणे पैठणचे आणि विठ्ठलभक्तीचे. पणजोबा भानुदास यांनी विजयनगरला नेलेली पांडुरंगाची मूर्ती पंढरपुरास परत आणली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी ही दोघेही मुलगा लहान असतानाच निवर्तली आणि आजोबा चक्रपाणी यांनी त्याला वाढविले. पैठण त्या वेळी धर्मशास्त्राचे मोठे पीठ होते. संस्कृत विद्येचा हा बालेकिल्ला, आणि राज्य अहमदनगरच्या निजामशाहीचे. एकीकडे पंडितांची भाषा, दुसरीकडे दरबाराची फारसी, आणि या दोहोंच्या मध्ये शेतकऱ्याची, कोष्ट्याची, कोळ्याची मराठी, अशा तीन भाषांच्या गावात हा मुलगा वाढला.

बारा वर्षांच्या सुमारास तो घर सोडून देवगिरीस गेला. चितेगावचा परिसर पैठण आणि देवगिरी यांच्या मधल्याच मुलखात येतो. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी हे निजामशाहीचे अधिकारी होते. पद किल्लेदाराचे आणि निष्ठा दत्तात्रेयावर, असे त्यांचे जीवन. या गुरूने शिष्याला केवळ ग्रंथ पढविले नाहीत, त्याच्याकडे किल्ल्याचे हिशेबही सोपविले. एका पैच्या चुकीसाठी नाथ रात्रभर दिव्याशी बसले आणि पहाटे चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविली, ही कथा सर्वांना परिचित आहे. ती नेहमी एकाग्रतेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. मराठीतील एक थोर तत्त्वचिंतक तरुणपणी दफ्तरात बसलेला होता. अर्ज कसे येतात, ताकीद कशी जाते, कौल कोणाला मिळतो, कोणत्या शब्दाला गावचा पाटील घाबरतो आणि कोणत्या शब्दाने त्याचा जीव भांड्यात पडतो, हे त्याने जवळून पाहिले होते. त्या दफ्तराचे पुढे काय झाले ते येईलच.

गुरूच्या आज्ञेने तीर्थयात्रा झाली. त्याच ओघात चतुःश्लोकी भागवतावरील त्यांची पहिली मोठी रचना झाली. मग पैठणास परत येऊन नाथांनी गिरिजाबाईंशी विवाह केला आणि संसार थाटला. घरी रोज कीर्तन, रोज पुराण, दाराशी आलेल्याला अन्न, असा त्यांचा नेम. भागवताच्या अकराव्या स्कंधावरील त्यांची टीका, म्हणजे आपण ज्याला एकनाथी भागवत म्हणतो तो ग्रंथ, पैठणला सुरू झाला आणि शके 1495 मध्ये, म्हणजे 1573 साली, काशीत पूर्ण झाला. ओव्यांची संख्या अठरा हजारांहून अधिक. संस्कृतातील पवित्र ग्रंथ प्राकृतात आणल्याबद्दल काशीच्या पंडितांनी आधी जाब विचारला आणि नंतर त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, असे परंपरा सांगते.

हा वाद एकट्या पैठणचा किंवा काशीचा नव्हता. मार्टिन ल्यूथरने संपूर्ण बायबल जर्मन भाषेत छापले ते 1534 साली, म्हणजे नाथांच्या जन्माच्या आगेमागेच. नाथांचे भागवत काशीत पुरे झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, 1574 मध्ये, तुलसीदासांनी अयोध्येत रामचरितमानस लिहावयास घेतले. आणि 1579 साली गोव्यात उतरलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री ख्रिस्ताचे चरित्र सांगावयास बसला तेव्हा त्याने मराठी भाषा आणि ओवी छंद निवडला. त्याचे ख्रिस्तपुराण 1616 साली छापले गेले. धर्म वेगळे, हेतूही वेगळे. परंतु आईच्या भाषेत सांगितल्यावाचून माणसाच्या अंतःकरणाचे दार उघडत नाही, हे त्या शतकाने निरनिराळ्या ठिकाणी ओळखले होते.

मात्र भाषा बदलली की काम झाले, अशी समजूत असेल तर ती खोटी आहे. आजची आपली परिपत्रके मराठीतच असतात, आणि तरी ती कोणाला कळत नाहीत. ज्ञानेश्वरीही मराठीच होती, परंतु ती ऐकावयास बसणारा श्रोता काही तयारीचा असावा लागतो. नाथांनी या पुढचे पाऊल टाकले ते भारुडात. लोक कीर्तनाला येईपर्यंत ते थांबले नाहीत. लोकांच्या दाराशी आधीपासून जो कोणी येत होता, त्याच्या तोंडी त्यांनी आपला विचार घातला.

सोळाव्या शतकातील मराठी खेड्याची एक सकाळ डोळ्यांपुढे आणा. पहाटे मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव दान मागत येतो. मग पिंगळा येतो, जोशी पंचांग घेऊन येतो, दिवसा पोतराज अंगावर आसूड ओढीत फिरतो. रात्री कोणाकडे गोंधळ असतो. जोगवा मागणारी बाई येते, फकीर येतो, दरवेशी येतो, कोल्हाट्यांचा खेळ चौकात उभा राहतो, महार जोहार घालून गावचे निरोप सांगतो. आंधळा, मुका, बहिरा, पांगळा ही माणसे भीक मागत बसलेली असतात. हे आवाज, त्यांच्या लकबी आणि त्यांची ठराविक वाक्ये गावातल्या पोरासोरांनाही पाठ. नाथांनी हे सारे आवाज उचलले. त्यांची भारुडे तीनशेच्या आसपास आहेत आणि त्यांतील पात्रांची व विषयांची संख्या शंभराच्या वर जाते. ऐकणारा पहिल्या चरणालाच सावध होतो, कारण बोलणारा त्याच्या ओळखीचा असतो. तो हसतो, आणि हसता हसता कोठे तरी त्याला जाणवते की हा जोशी आपले भविष्य सांगत नाही, आपले वर्तमान सांगतो आहे.

विंचवाचे भारूड घ्या. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या दिवसांत दगड उचलताना, सरपण काढताना विंचू डसणे ही काव्यकल्पना नव्हती. डॉ. हिंमतराव बावस्कर या जालना जिल्ह्यातल्याच डॉक्टरांनी कोकणात महाडला राहून विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला तो 1980 च्या दशकात. तोवर खेड्यातल्या माणसाला त्या वेदनेवर भरवशाचा उपाय नव्हता. ही वेदना प्रत्येकाच्या शरीराला किंवा निदान डोळ्यांना ठाऊक होती. नाथांनी कामक्रोधाला विंचू केले. तो चावला, अंगाची आग झाली, घामाने माणूस भिजला, आणि मग उतारा सांगितला तो सत्त्वगुणाचा. क्रोध वाईट आहे असे शंभर प्रवचनकार सांगतात. परंतु क्रोध कसा चढतो, तो पायापासून मस्तकापर्यंत कसा जातो, हे ज्याने विंचवाच्या रूपाने एकदा पाहिले त्याला ते विसरणे कठीण. शिवाय भारूड करणारा नुसते गात नाही, तो चौकात लोळतो, ओरडतो, लोकांकडे मदत मागतो. ऐकणारे बाजूला राहूच शकत नाहीत.

दफ्तराचा उल्लेख मघाशी केला तो यासाठी की नाथांनी कचेरीलाही सोडले नाही. अर्जदस्त, अभयपत्र, ताकीदपत्र, जाबचिठ्ठी ही त्यांच्या भारुडांची नावे आहेत. त्या काळच्या सरकारी पत्रांचा मायना, त्यांतील फारसी शब्द, वरिष्ठांपुढे वाकण्याची ती ठराविक पद्धत, सारे जसेच्या तसे. फक्त मुलूख बदललेला. माणसाचे शरीर हाच परगणा. दंभ तेथला शेट्या झाला आहे, काम महाजन, ममता देशपांडीण आणि क्रोध नाईकवाडी. हे सारे कारभारी मिळून सरकारकाम सुरळीत चालू देत नाहीत, अशी तक्रार वर धन्याकडे जाते. ज्याने आयुष्यात एकदा तरी कचेरीची पायरी चढली आहे त्याला यातला विनोद समजावून सांगावा लागत नाही. दफ्तरी भाषा ही सर्वांत निर्जीव भाषा, असे आपण मानतो. नाथांनी त्या भाषेला आत्मपरीक्षणास जुंपले. आजच्या एखाद्या कवीने ऑनलाइन अर्जाच्या रकान्यांत भगवद्गीता भरून दाखवावी, तितके हे धाडस होते.

सर्वच भारुडे आज तशीच गोड लागतील असे नाही. भवानीआईला नवस बोलणारी सून सासूसासऱ्यांपासून नणंदेपर्यंत एकेकाला आपल्या वाटेतून दूर करावयास सांगते, त्यावर बायाबापड्या पोट धरून हसतात. अध्यात्माच्या अंगाने पाहिले तर ते संसाराच्या आसक्तीतून सुटण्याचे मागणे आहे. परंतु कित्येक फडांत तो दुसरा अर्थ गळून पडतो आणि उरते ती सासूसुनांची थट्टा. रूपकाचा हा धोका आहेच. गोष्ट लक्षात राहते आणि जिच्यासाठी ती सांगितली ते विसरले जाते. भारुडाच्या शेवटी गुरूच्या नावाशी जोडलेली आपली मुद्रा घालून नाथ श्रोत्याला अर्थाकडे ओढून आणतात, पण श्रोता प्रत्येक वेळी येतोच असे नाही.

नाथांच्या घरातच या प्रश्नाची परीक्षा झाली. मुलगा हरिपंडित हा संस्कृतचा मोठा विद्वान निघाला. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे आणि वाटेल त्याच्या घरी अन्न घ्यावे, हे त्याला रुचेना. तो रुसून काशीस गेला. नाथ स्वतः त्याला आणावयास गेले तेव्हा त्याने दोन अटी घातल्या. यापुढे प्राकृतात सांगावयाचे नाही आणि दुसऱ्याच्या घरी जेवावयाचे नाही. बापाने दोन्ही मान्य केल्या. पैठणच्या वाड्यात पुराण पुन्हा सुरू झाले, या वेळी हरिपंडिताच्या मुखाने आणि संस्कृतात. पांडित्यात उणे काहीच नव्हते. परंतु एकेक श्रोता उठू लागला आणि बैठक रिकामी होत गेली. संतचरित्रकारांनी ही कथा चमत्काराकडे नेली आहे. एका गरीब बाईच्या सहस्रभोजनाच्या नवसासाठी नाथ तिच्या घरी एकटेच जेवले, आणि मुलाने उष्टी पत्रावळ उचलली तर तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा हजार निघाल्या, असे ते सांगतात. मला चमत्कारापेक्षा ती रिकामी बैठक अधिक बोलकी वाटते. हरिपंडित काही चुकीचे सांगत नव्हता. तो ते कोणाला सांगतो आहे, याचा त्याला विसर पडला होता. आणि नाथांनी मुलाशी वाद घातला नाही, रिकामी बैठक त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू दिली.

त्याच्या दोन अटींचा एकमेकींशी असलेला संबंधही पाहण्यासारखा आहे. भाषा आणि पंगत या दोन गोष्टी त्याने एकत्र जोडल्या, आणि त्याचे बरोबरच होते. लोकांच्या भाषेत बोलणारा उद्या लोकांच्या घरीही जाईल, हे त्याने ओळखले. नाथांच्या नावावर ज्या कथा आहेत त्या बहुतेक अशाच आहेत. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर त्यांनी कडेवर उचलले. श्राद्धाचा स्वयंपाक ब्राह्मणांच्या आधी उपाशी महारांना वाढला. काशीची कावड रामेश्वराला नेताना तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात गंगा ओतली. या कथा आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या महिपतींच्या 1762 मधील भक्तविजयासारख्या ग्रंथांतून, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या चरित्रांतून. इतिहासाच्या काट्यावर त्या प्रत्येकीचे वजन करता येणार नाही. परंतु ज्याचे वागणे भारुडाला खोटे पाडते, त्याच्याविषयी लोक अशा कथा रचीत नाहीत.

येथे एक आक्षेप टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 1935 साली प्रभातचा ‘धर्मात्मा’ हा नाथांच्या जीवनावरील बोलपट आला. व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन आणि नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. त्याच सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील आपल्या 1936 च्या निबंधासंबंधी गांधीजींना जे उत्तर दिले, त्यात या बोलपटाचा उल्लेख करून बजावले की एकनाथांनी अस्पृश्यांना स्पर्श केला व त्यांच्यासह भोजन केले ते जातिभेदाला विरोध म्हणून नव्हे, तर त्याचा विटाळ गंगास्नानाने धुतला जाईल असे त्यांना वाटत होते म्हणून. संत जातीविरुद्ध लढले नाहीत, देवापुढे सारे समान एवढेच त्यांनी सांगितले, हा बाबासाहेबांचा मुद्दा आहे. तो खोडून काढणे सोपे नाही. नाथांच्या भारुडातील महार पंडिताला शहाणपण शिकवितो, परंतु भारूड संपल्यावर तो महारवाड्यातच परत जातो. पैठणची व्यवस्था नाथांच्या हयातीत बदलली नाही आणि नंतरही चारशे वर्षे फारशी हलली नाही. मनाला भिडणारे शब्द आणि बदललेले जीवन यांत एवढे मोठे अंतर असू शकते. नाथांच्या बाजूने इतके मात्र म्हणता येते की गावाने ज्याला बोलण्याचा अधिकार दिला नव्हता त्याच्या तोंडी त्यांनी गावातले सर्वोच्च ज्ञान घातले, आणि तसे करताना त्या माणसाला विद्रूप केले नाही. हिंदु-तुर्क संवादातही त्यांनी हेच केले. दोघे एकमेकांच्या धर्मातील विसंगतींवर अगदी कडक शब्दांत तुटून पडतात, कोणी कोणाला भीत नाही, आणि भांडण शेवटी समेटावर येते. निजामशाहीच्या राज्यात एका ब्राह्मणाने हा संवाद लिहिला आणि तुर्काला त्यात निरुत्तर बाहुले केले नाही, याचे मोल आज तरी कमी लेखता येणार नाही.

नाथांच्या कामाची आणखी एक बाजू सहसा भारुडांशी जोडून पाहिली जात नाही. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी घातलेले पाठभेद दूर केले आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी मिसळू नये असा इशारा दिला. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या एका अक्षराचीही भेसळ त्यांना खपत नव्हती. भारुडाचा साचा मात्र असा की सादर करणाऱ्याने त्यात आपले गाव, आपला काळ, समोर बसलेल्या पाटलाची मिशी, सारे घालावे. जपावयाचे ते एका हाताने जपले आणि सोडावयाचे ते दुसऱ्या हाताने सोडून दिले. दोन्ही टिकली.

भारूड आजही होते. फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथांच्या पुण्यतिथीला, पैठणला दिंड्या लोटतात. गोदावरीवरील जायकवाडीच्या जलाशयाला नाथसागर हेच नाव मिळाले आहे. याच जिल्ह्यातील भारुडरत्न निरंजन भाकरे व्यसनमुक्तीपासून स्वच्छतेपर्यंतचे विषय भारुडात घालून गावोगाव फिरत. ते 2021 साली करोनाच्या साथीत गेले. पंढरपूरच्या चंदाबाई तिवाडी यांनी स्त्रियांच्या प्रश्नांवर भारूड उभे केले. ज्या चौकात सरकारी ध्वनिवर्धकाच्या गाडीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, तेथे भारूड ऐकावयास माणूस थांबतो.

शेवटची काही वर्षे नाथ भावार्थ रामायण लिहीत होते. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि तो ग्रंथ तेथेच थांबला. शके 1521 च्या फाल्गुनात त्यांनी गोदावरीच्या पात्रात देह ठेवला. उरलेले रामायण पुरे केले ते गावबा नावाच्या शिष्याने. हा गावबा मंदबुद्धी म्हणून ओळखला जाई. नाथांच्या घरी रोज पुरणपोळी मिळते म्हणून तो तेथे येऊन राहिला होता, आणि काम करता करता वर्षानुवर्षे पुराण कानांवर पडत होते.